न विचारणाऱ्यांची वसाहत

आम्ही घर शोधायला लागलो त्या वर्षी बुलढाण्यातल्या झाडून साऱ्या घरमालकांचे पुतणे शिकायला येणार होते. सकाळी मी एकटी जाऊन खोली पाहून यायची. नळ, संडास, खिडकी सगळं पसंत पडायचं, मालकीणबाई चहा पाजायच्या, माझं गाव-आडनाव विचारून झालं की "मंग तं आपल्यातलीच निंगाली" म्हणायच्या. संध्याकाळी मी नवऱ्याला घेऊन जायची, त्यांचं नाव विचारलं जायचं, आणि हातातला पाण्याचा पेला संपायच्या आत पुतण्या निघायचा. एका मालकाने तर सकाळीच मला सांगितलं होतं की तो आईबापाला एकुलता एक. संध्याकाळी त्यालाही पुतण्या झाला.

मी पिंपळगाव राजाची. घर शेतकऱ्याचं, कपाशी-सोयाबीनचं, आणि दर वर्षी अंगणात हरिनाम सप्ताह बसवणारं. नवरा देऊळघाटचा, मुसलमान. पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देण्याचा त्यांचा धंदा. लग्नाआधी ते खामगावला एका दुकानात कामाला होते. बाबांची विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळायची, आणि ती झाली का हे विचारायला तिथे कॉलेजात शिकणाऱ्या मला पाठवलं जायचं. पुढचं सांगायला नको. लग्न कोर्टात झालं. घरी रडारड झाली, मग अबोला झाला, आणि काही दिवसांनी अबोलाही कंटाळून उठून गेला. बाबा आता एवढंच म्हणतात, "तवाच नवी मोटार घेतली असती तं हे झालं नसतं."

लग्नानंतर त्यांनी बुलढाण्यात स्वतःचं दुकान टाकलं आणि मला एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. पगार इतकाच की कुणी विचारला तर मी विषय बदलते. राहायला दुकानामागची एक खोली होती. तिथे मोटारींवर लावायच्या वार्निशचा वास भातालाही लागायचा. रस्त्यावरची गिऱ्हाइकं सरळ आत डोकवायची, म्हणून जेवताना दार लावून घ्यावं लागे. मला दुसरं काही नको होतं. दार उघडं टाकून दोघांनी जेवता येईल असं घर हवं होतं.

नव्या इमारतींमधून नावाला फारशी हरकत नसायची, पण त्यांचं डिपॉझिट ऐकूनच आम्ही जिना उतरायचो. जिथे नाव चाले तिथला किराया आम्हाला चालत नव्हता, आणि जिथे किराया चाले तिथे नाव चालत नव्हतं. मिस्त्रींच्या ओळखीच्या मोहल्ल्यातही एक खोली पाहिली. मालक म्हातारे, स्वच्छ मनाचे. मला म्हणाले, "भाभी, हमको कुछ नहीं. लेकिन कल को कोई मोर्चा लेके आया तो मैं बुढ्ढा आदमी क्या करूंगा?" ते खरं बोलले म्हणून मला त्यांचा राग आला नाही. पुतण्यांचा मात्र फार आला.

मिस्त्री म्हणजे नवराच. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी शाळेत अंधश्रद्धेवर तासभर बोलते, ग्रहणात पोरांना डबे उघडून खायला लावते, पण हे एक माझ्या जिभेला जमलं नाही. आई बाबांना "ऐकलं का" म्हणायची, मीही "ऐकलं का" म्हणते. दुकानात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, म्हणून चारचौघांत मीही मिस्त्री म्हणते. इथेही तेच म्हणणार.

शेवटी शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "तुमी त्या पुरोगामी लोकायच्या वसाहतीत काऊन पाहत नाई? तथी कोनी काही इचारत नाई म्हनतात."

ही वसाहत गावाबाहेर उतारावर आहे. निवृत्त प्राध्यापक, शिक्षक, बँकेतले संघटनेचे लोक, एक-दोन वकील, अशा चळवळीतल्या माणसांनी पूर्वी एकत्र जमीन घेऊन तिथे घरं बांधली. दुसऱ्या वसाहतींमध्ये देवळासाठी जागा सोडतात, यांनी वाचनालयासाठी सोडली. दारावरच्या पाट्यांवर नवरा-बायको दोघांची नावं, आडनाव कुणाचंच नाही. नवं घर झालं की वास्तुशांतीच्या जागी व्याख्यान ठेवतात आणि ते वास्तुशांतीपेक्षा लांबतं. दर रविवारी वाचनालयात बैठक भरते. आणि एक नियम तिथे कागदावर नसला तरी सगळे पाळतात. कुणालाही जात-धर्म विचारायचा नाही. नाव विचारलं की मागून आडनाव येतं आणि आडनावाचं बोट धरून जात येते, म्हणून नावही विचारायचं नाही.

गच्चीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं ते घर एका इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकांचं. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांच्या पत्नी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्या मॅडम. मिस्त्रींना सोबत घेऊन मी ठरवूनच गेले होते की आज चहाच्या आधी सांगून टाकायचं, म्हणजे चहा तरी वाचेल.

"सर, आमचं लग्न आंतरधर्मीय आहे," मी दारातच म्हणाले. "आमच्यातलं एक जण हिंदू आहे आणि एक जण..."

सरांनी हात वर केला. "ताई, पुढे बोलू नका. कोण कोण आहे, हे या घरात विचारलं जात नाही. तुम्ही दोघं माणसं आहात, एवढं पुरे."

मिस्त्री नाव सांगण्यासाठी उघडलेलं तोंड मिटून माझ्याकडे पाहायला लागले. मग किरायाचा विषय निघाला. सर म्हणाले, जमेल तेवढा द्या. मला 'जमेल तेवढा' या आकड्याची फार भीती वाटते, कारण तो पुढे कधी आणि कुठे फुगेल सांगता येत नाही. मिस्त्रींनीच एक आकडा सांगितला. सर म्हणाले, जास्त होतो. मिस्त्री म्हणाले, नाही सर, बरोबर आहे. सर म्हणाले, अहो वर पत्रे आहेत, उन्हाळ्यात तापतील, कमी द्या. मालक किराया खाली ओढतो आणि भाडेकरू वर, अशी घासाघीस मी जन्मात पाहिली नव्हती. मॅडमनी मधला आकडा काढून दोघांना गप्प केलं. करारनामा, आधार कार्ड यांचा विषय मी काढला तेव्हा सर दुखावल्यासारखे झाले. माणसाचा शब्द पुरेसा असतो, म्हणाले.

खोल्यांमध्ये जुन्या अधिवेशनांचे कापडी फलक आणि न विकलेल्या स्मरणिका छतापर्यंत होत्या. आम्ही दोन रविवार घालून त्या खाली उतरवल्या. पहिल्या संध्याकाळी गच्चीचं दार सताड उघडं टाकून आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. वारा इतका की भाकरीचा पापुद्रा उडून गेला. मिस्त्री जेवता जेवता उगाचच हसत होते. मी खूश होते, अगदी लहान पोरीसारखी खूश होते.

वसाहतीतली माणसं खरोखर चांगली. ते आम्हाला पुस्तकं देत, वाटीभर भाजी देत, आणि शेजारच्या काकू सोडल्या तर आमच्याशी छापील मराठीत बोलत. मॅडम सरांना खालून "पंखा बंद काऊन नाई केला हो?" म्हणून झापताना मला गच्चीवर ऐकू यायचं, पण मी समोर आले की त्या "आपण निवांत आहात ना?" म्हणायच्या. मिस्त्रींनी आठवडाभरात सरांची पाण्याची मोटार नीट केली, मग काकूंची, मग वाचनालयाचा पंखा. तेव्हापासून वसाहतीतही ते सगळ्यांचे मिस्त्री झाले. नाव तेवढं कुणी विचारलं नाही. मिस्त्री एकदा मला म्हणाले, "मले तं आता वाटून राह्यलं, आपनच पाटी लावाव गळ्यात." पण दारोदार नाव सांगून आम्ही इतके पोळलो होतो की न विचारणाऱ्यांत चार दिवस गार वाटत होतं. आम्हीही आपणहून सांगितलं नाही.

आता, न विचारणारा माणूस अंदाज बांधत नाही असं थोडंच असतं? उलट तो जास्त बांधतो, कारण त्याला दुसरं साधनच नाही.

मिस्त्री आंघोळ करताना अभंग गुणगुणतात. देऊळघाटला त्यांच्या घरामागे भजनी मंडळ बसायचं, ऐकून ऐकून त्यांना सगळे पाठ. लहानपणी त्यांनी एक बकरा लाडाने पाळला होता. तो ईदेला गेला आणि त्या दिवसापासून त्यांनी मटण सोडलं. मी मात्र शेतकऱ्याची पोर, रविवारी मला झणझणीत रस्सा लागतो. पहिल्याच रविवारी मी मॅडमना विचारायला गेले की मटण शिजवलं तर चालेल ना, तेव्हा त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आपल्या खाण्यापिण्यावर इथे कोणतंही बंधन नाही." मला वाटलं, किती समजूतदार बाई. बुलढाण्याचा वारा बोचरा, म्हणून स्कूटीवर मी पायघोळ काळा कोट घालते आणि तोंडाला स्कार्फ बांधते. त्यात एकदा सासू दोन दिवस राहून गेल्या. मी त्यांना अम्मी म्हणते. मॅडमनी खालून विचारलं, "आपल्या आई आल्यात का?" मी वरून म्हणाले, "हो, अम्मी आल्यात." सुनेने सासूला दुसरं काय म्हणायचं असतं?

यातून वसाहतीने काय हिशेब लावला, ते मला रमजानमध्ये कळलं.

मिस्त्री रमजानचे सगळे रोजे धरतात. वर्षभर नमाजाला आळस करतील, पण रोजा सोडायचे नाहीत. मार्चातलं ऊन तापलेलं. एका दुपारी मी शाळेतून येऊन गच्चीवर गूळ-शेंगदाणे खात बसले होते, तर मॅडम जिना चढून आल्या. त्यांच्या हातात खजुराचा पुडा आणि केळी. मला खाताना पाहून त्या दोन क्षण थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "प्रकृती बरी नसेल तर आपल्या धर्मात सूट असते, मी वाचलंय. संकोच करू नका." आणि खजूर माझ्या ओटीत ठेवून गेल्या.

माझ्या तोंडातला शेंगदाणा तसाच राहिला.

तेवढ्यात मी गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं. मिस्त्री उन्हात काकूंच्या टाकीवर चढून व्हॉल्व्ह बसवत होते. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही. आणि खालून काकू आग्रह करत होत्या, "मिस्त्री, चहा तं घ्या." मिस्त्री म्हणाले, पोट बरं नाही. मग काकूंनी लिंबूसरबत आणलं. मिस्त्री म्हणाले, दात दुखतो. त्यांना रोजा लपवायचा नव्हता, पण आपण काही म्हटलं की लोकांची पंचाईत होईल म्हणून टाळत होते. मी इतकी हसले की मला ठसका लागला. संध्याकाळी अजान झाल्यावर ते खजूर मिस्त्रींनीच खाल्ले. मी सगळं सांगितलं तेव्हा तेही पोट धरून हसले. "म्हंजे मी हिंदू अन् तू मुसलमान? अम्मीले सांगतो, खूश होईल."

पुढचे काही दिवस आमची चंगळ होती. घराघरांतून माझ्यासाठी फळं येत आणि रोजेदार मिस्त्री ती संपवत. शीरखुर्मा कसा करायचा हे मला वसाहतीतल्या पाच-सहा जणींनी पुस्तकात वाचून समजावलं. मी रोज ठरवायची की उद्या सांगू, आता फार झालं. आणि मग काकूंनी ते वाक्य उच्चारलं.

काकू मनाने मोकळ्या. आम्ही दोघी नळाला पाणी यायची वाट पाहत फाटकात उभ्या होतो. त्या प्रेमाने माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमचं चांगलं जमलं पोरी. पोरगी तिकडची अन् पोरगा आपला, तं लोक चालवून घेतात. उलटं असतं ना, तं आमच्याबी मानसायले जड गेलं असतं. हे दिवस कसे आहेत, पाहतेस ना."

मी हो म्हणाले. पाणी आलं, मी बादल्या भरल्या, वर आले आणि मिस्त्रींना सांगितलं. या वेळी आम्ही कुणी हसलो नाही. आम्हाला मिळालेलं घर आम्हाला मिळालंच नव्हतं. ते आमच्या उलट्या जोडप्याला मिळालं होतं.

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "कोनी इचारत नाई, आपन सांगत नाई. दार उघडं टाकून जेवतो ना आपन? मंग झालं. सांगतलं तं पुन्हा वार्निशचा भात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माझी अडचण अशी की मला एखादवेळी खोटं बोलता येतं, गप्प बसता येत नाही. लहानपणापासून नाही. आणि मनात एक गोष्ट टोचत होती. या गल्लीत माझे सगळे लाड होत होते आणि ज्या माणसाने यांच्या सगळ्या मोटारी चालू केल्या, त्यालाच आपलं असणं पोटदुखी आणि दातदुखीच्या मागे ठेवावं लागत होतं. मला त्याचा संताप यायचा, आणि संताप कुणावर काढावा ते कळायचं नाही, कारण सगळे चांगलेच होते.

त्या शनिवारी सर वर आले. उद्याच्या बैठकीत मी बोलावं अशी त्यांची इच्छा होती. विषय, मुस्लिम स्त्रीचा प्रवास. मी म्हटलं, सर, मला जमणार नाही. सर म्हणाले, मनापासून बोला, जमेल. मिस्त्रींनी मला तापाचं सोंग घ्यायचा सल्ला दिला आणि कपाळावर ओला रुमालही आणून ठेवला.

रविवारी मी गेले. वाचनालय भरलेलं होतं. मिस्त्री मागच्या ओळीत दाराजवळ बसले, म्हणजे पळायला बरं. सरांनी माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली. एका कर्मठ, बंदिस्त घरातून, बुरख्याचा अंधार झुगारून ही भगिनी बाहेर पडली, असं काहीसं. मला माझी आई दिसली. डोक्यावर पदर, कमरेत खोचलेला विळा, आणि बाबांनी दोनदा सांगितलं तरी तिसऱ्यांदा आपल्याच मनासारखं करणारी. तिला बुरख्यात घातलेलं मी मनात पाहिलं आणि मला हसू फुटलं. सर थांबले. हसू थांबेना. मग त्याच हसण्यात अम्मी दिसल्या. त्या दोन दिवस राहायला आल्या तेव्हा माझे पाय दाबून देत होत्या, कारण मी दिवसभर शाळेत उभी असते. त्यांच्या घराला हे सगळे अंधार म्हणत होते. माझं हसू गेलं.

मी उभी राहिले. "सर, माफ करा. मी पिंपळगाव राजाची. आमच्या अंगणात दर वर्षी सप्ताह बसतो आणि मटण मी खाते कारण मला आवडतं. मुसलमान माझे मिस्त्री आहेत. ते मागे बसलेत. आज त्यांचा रोजा आहे. काकू, त्यांचा दात दुखत नाही. आणि माझ्या सासूच्या घरी अंधार नाही, त्यांनी मला कधी काही झुगारायला लावलं नाही. आम्ही सांगणार होतो. पण तुम्ही विचारत नव्हता, आणि उलटं असतं तर जड गेलं असतं, असं आम्हाला कळलं. तर ते उलटंच आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. मिस्त्रींनी बसल्या जागी सगळ्यांना हात जोडले, जणू लग्नमंडपात आहेर घेत होते. काकूंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. सर चष्मा काढून पुसत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चहा घेऊ या का?" बैठकीत चहा नेहमी शेवटी असतो. त्या दिवशी तो मध्येच आला आणि त्याच्यानंतर काही झालं नाही.

दोन दिवस खालून काही आवाज नाही. भाजीची वाटी नाही, निवांत आहात ना नाही. काकू फाटकात दिसल्या, पण घाईत होत्या. मिस्त्री "सांगतलं होतं तुले" असं एकदाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. मंगळवारी ते शेजारच्या किराणा दुकानातून रिकामे खोके घेऊन आले आणि भिंतीशी उभे करून ठेवले. मी उघड्या दारात बसून समोरची दरी पाहत होते. मला फार वाईट वाटत होतं. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही नव्हतं, नुसतं वाईट वाटत होतं.

त्याच संध्याकाळी मॅडम वर आल्या. खुर्ची दिली तर त्या खाली चटईवरच बसल्या.

"सर आत्मपरीक्षण लिहून राह्यले रविवारसाठी," त्या म्हणाल्या. "लई लांब चाललं ते. म्हटलं, तवरक आपन वर जाऊन येऊ."

त्या माझ्याशी पहिल्यांदाच अशा बोलत होत्या.

"तुले खरं सांगू का? तू तथी बोलली, तवा मले राग नाई आला. भेव वाटलं. वाटलं, आता कोनी येईन, दगड मारीन, फाटकासमोर बोंबलीन. इतकी वर्सं पोरीयले सांगत आली मी, भेऊ नका म्हनून. अन् भेली कोन, तं मीच." त्यांनी नाक पुसलं. "दोन दिवस मले तुमच्या तोंडापुढे याची लाज वाटून राह्यली होती."

"अजून वाटतं भेव?" मी विचारलं.

"हाव. अजूनबी वाटते."

मिस्त्री खोक्यांकडे पाहत म्हणाले, "मॅडम, आमी सोडतो खोल्या. तुमाले तरास नको. मी पाहून राह्यलो दुसरीकडे."

मॅडमनी तेव्हा पहिल्यांदा खोक्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. मुख्याध्यापिका असताना कशा दिसत असतील ते मला कळलं.

"भेव माह्यं हाये," त्या म्हणाल्या. "घर तुमी काऊन सोडता?"

मिस्त्रींकडे वळून त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?" मिस्त्रींनी सांगितलं. शाळेत नव्या पोराचं नाव हजेरी घेताना चुकू नये म्हणून बाई आधी म्हणून पाहतात, तसं त्यांनी ते दोनदा हळू म्हणून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गेल्या. त्यानंतर रात्रीचं जेवण आम्ही केलं, पण खोके कुणी हलवले नाहीत. मनात मी अजून निम्मी बाहेरच होते. घरात बसून चार भिंतींत बोलणं वेगळं आणि बाहेर वागणं वेगळं, हे मला पुतण्यांनी नीट शिकवलं होतं.

दुसरा दिवस नळाचा. आमच्याकडे नळाला पाणी यायला आठवडा लागतो, म्हणून त्या सकाळी सगळी वसाहत रस्त्यावर असते. पाइप, बादल्या, मोटारींचा घों घों, वरच्या गल्लीतले लोक, दूधवाला, पेपरवाला. मी गच्चीवर टाकीचं झाकण उघडून उभी होते. टाकीत पाणी येत नव्हतं. खाली मोटार गुरगुरली आणि बंद पडली.

मॅडम अंगणात आल्या. एरवी त्या तिथूनच "मिस्त्री" म्हणून हाक मारत. त्या दिवशी त्या फाटक उघडून बाहेर गेल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, वर पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला त्यांच्या नावाने हाक मारली. सबंध नाव, पुढे 'भाऊ' जोडून. आवाज थरथरत होता. दूधवाल्याने मान वर केली. वरच्या गल्लीतले दोघे-तिघे वळून पाहायला लागले. मॅडमनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता त्या आत जातील. त्यांनी पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

"आलो, आलो," करत मिस्त्री अर्ध्या दाढीने जिना उतरत धावले.

मी कठड्याला धरून उभी होते आणि मला रडू येत होतं. मॅडमच्या आवाजातलं भेव मला वरपर्यंत ऐकू आलं होतं, आणि ते असूनही त्या रस्त्यात उभ्या होत्या. खाली मिस्त्री मोटारीशी वाकले. काकू हातात पाइप धरून जरा वेळ नुसत्याच पाहत राहिल्या. मग दोन पावलं पुढे येऊन, थोडं अडखळत, त्याच नावाने त्यांनी विचारलं, "तुमचं इथलं झालं की आमचीबी मोटार पाहून देता का?"